पैसा कुणाचा, प्रश्न कुणाचा? अमेरिकी कॉलेजांतल्या दारूप्रतिबंधाची गोष्ट

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलात की 'पूर्वसंशोधनाचा आढावा' हे प्रकरण सगळ्यात सोपं वाटतं. वीस-पंचवीस निबंध वाचायचे, प्रत्येकाचे चार ओळींत सार लिहायचे, झालं. मग एके दिवशी दोन निबंध एकदम समोर येतात. विषय तोच, विद्यार्थी त्याच वयाचे, आकडे दोघांकडेही भरपूर, आणि निष्कर्ष मात्र एकमेकांच्या उलट. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की या अभ्यासाला पैसे कुणी दिले. आता विश्वास कुणावर ठेवायचा?

बहुतेक जण इथे दोनपैकी एक वाट धरतात. ती बारीक ओळ वाचतच नाहीत, किंवा ती वाचूनच अख्खा निबंध बाद करतात. या दोन्ही वाटा चुकीच्या का आहेत, हे दाखवणारं एक प्रकरण आज तुमच्यासमोर मांडतो. अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये दारू आणि अमली पदार्थांना आळा घालण्यासाठी जे कार्यक्रम झाले, त्यांना पैसे कुणी दिले याची ही गोष्ट आहे.

आधी कात्री, मग कागद

सुरुवात होते रस्त्यांपासून. १९८४ साली अमेरिकी संसदेने कायदा केला की जे राज्य दारू विकत घेण्याचं किमान वय २१ करणार नाही, त्याच्या महामार्ग निधीला कात्री लागेल. दक्षिण डकोटा राज्य याविरुद्ध कोर्टात गेलं आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरलं. १९८८ पर्यंत सगळ्या राज्यांत २१ ची अट लागू झाली.

कॉलेजांच्या बाजूने याचा अर्थ बघा. पदवीचे बहुतेक विद्यार्थी १८ ते २१ मधले. म्हणजे काल जे वाईट सवयीत मोडत होतं, ते आज बेकायदा ठरलं. पिणं थांबलं नाही, पण त्याबद्दल उघड बोलणं अवघड झालं.

दुसरी कात्री १९८९ च्या डिसेंबरात आली. शाळा-कॉलेजं व्यसनमुक्त ठेवण्यासाठी १९८६ मध्ये एक कायदा झाला होता. त्यात दुरुस्ती करून सांगितलं गेलं की ज्या संस्थेला केंद्राचा कुठलाही निधी हवा असेल, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या आणि कर्जंसुद्धा, तिने दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला आणि कर्मचाऱ्याला लेखी माहिती द्यायची. नियम काय, शिक्षा काय, आरोग्याला धोका काय, मदत कुठे मिळेल. शिवाय दर दोन वर्षांनी आपल्या कार्यक्रमाचा स्वतःच आढावा घ्यायचा.

कायद्याने काम सांगितलं, त्या कामासाठी वेगळे पैसे मात्र दिले नाहीत. मग व्हायचं तेच झालं. पत्रकं छापली गेली, फायली तयार झाल्या. त्या फायली तरी कुणी तपासत होतं का? २०१२ मध्ये शिक्षण खात्याच्याच महानिरीक्षकांच्या अहवालात नोंद आली की १९९८ पासून २०१० पर्यंत खात्याने यावर देखरेखच केली नव्हती. सरकारी कागदपत्रांवर काम करणार असाल तर हे लक्षात ठेवा. अहवाल अस्तित्वात आहे म्हणजे काम झालं, असं नसतं.

अनुदानातून जन्मलेले आकडे

कात्रीबरोबर थोडं अनुदानही होतं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिक्षण खात्याच्या उच्चशिक्षण सुधारणा निधीतून, ज्याला फिप्से म्हणतात, कॉलेजांना प्रतिबंधक कार्यक्रमांसाठी रक्कम मिळू लागली. अनुदान मुदतीचं, मुदत संपताना फरक दाखवायचा. फरक दाखवायला आधी आणि नंतरची मोजणी हवी. या गरजेतून एक सामाईक प्रश्नावली तयार झाली, 'कोअर सर्व्हे'. तिचं काम पुढे सदर्न इलिनॉय विद्यापीठातल्या कोअर इन्स्टिट्यूटने सांभाळलं.

ही प्रश्नावली खूप उपयोगी ठरली. पण सुरुवातीची आकडेवारी आली ती अनुदान मिळालेल्या कॉलेजांमधून, म्हणजे ज्यांनी स्वतःहून अर्ज केला होता त्यांच्याकडून. तो देशाचा नमुना नव्हता. नमुना कसा निवडायचा हे तुम्ही पद्धतिशास्त्राच्या पेपरला पाठ करता, पण प्रत्यक्षात पुष्कळदा तो निधीच्या वाटेने ठरतो.

ही उणीव भरून काढली हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विभागातल्या हेन्री वेक्स्लर यांनी. त्यांना पैसे दिले रॉबर्ट वूड जॉन्सन फाउंडेशनने. आरोग्य क्षेत्रातली ही मोठी खाजगी संस्था जॉन्सन अँड जॉन्सनच्या संपत्तीतून उभी राहिली. १९९३ मध्ये १४० कॉलेजांतल्या १७,५९२ विद्यार्थ्यांनी प्रश्नावली भरून दिली, आणि १९९४ च्या डिसेंबरात 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. ४४ टक्के विद्यार्थी 'बिंज ड्रिंकिंग' करतात. म्हणजे मागच्या दोन आठवड्यांत निदान एकदा मुलांनी लागोपाठ पाच पेग किंवा मुलींनी चार पेग घेतलेले.

आकडा देशभर गाजला. १९९७ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठात आणि एमआयटीत विद्यार्थी-मंडळांच्या समारंभांनंतर एकेका विद्यार्थ्याचा अतिमद्यपानाने मृत्यू झाला, तेव्हा हाच आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. टीकाही झाली. संध्याकाळभरात सावकाश घेतलेले पाच पेग आणि बेशुद्ध पडेपर्यंत ढोसणं, दोन्ही एकाच शब्दात कसं बसवता? व्याख्या ही निरुपद्रवी गोष्ट नसते. तुमच्या प्रबंधातही नसणार आहे.

बिअरवाल्यांना आवडलेलं संशोधन

आता दुसऱ्या बाजूला या. १९८६ मध्ये वेस्ली पर्किन्स आणि ॲलन बर्कोविट्झ यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या कॉलेजचा अभ्यास छापला. त्यांना दिसलं की इतर विद्यार्थी किती पितात याचा अंदाज विद्यार्थी फारच वाढवून करतात, आणि 'सगळेच पितात' असं वाटलं की आपणही तसंच वागतात. मग उपाय काय? घाबरवू नका, खरा आकडा सांगा.

नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठात मायकल हेन्स यांनी हे करून पाहिलं. 'आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी मर्यादेत पितात' अशा अर्थाची पोस्टरं आणि जाहिराती लावल्या. भरपूर पिणं हीच इथली रीत आहे असं समजणाऱ्यांचं प्रमाण काही वर्षांत ६९.७ टक्क्यांवरून ५१.२ वर आलं. प्रत्यक्ष बिंज करणारे ४३ टक्क्यांवरून ३४.२ वर आले.

पद्धत स्वस्त होती आणि कुणाला दुखावणारी नव्हती. 'बहुतेक जण जबाबदारीने पितात' हे वाक्य बिअर कंपनीलाही सोयीचंच होतं. बडवायझर बनवणाऱ्या ॲनहायझर-बुशने या विचाराच्या राष्ट्रीय केंद्राला पैसे दिले. पुढे २००६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात सोशल नॉर्म्सची संस्था उभी राहिली, तिलाही याच कंपनीचं पाठबळ होतं.

२००३ मध्ये वेक्स्लर यांच्या गटाने तुलना छापली. सोशल नॉर्म्स मोहीम असलेली ३७ कॉलेजं विरुद्ध नसलेली ६१. मोहिमेने पिणं कमी झाल्याचं काही दिसलं नाही. मग जुंपली. एका बाजूने बोट दाखवलं बिअरच्या पैशाकडे. दुसऱ्या बाजूने विचारलं, मोहीम होती की नव्हती हे तुम्ही कुणाला विचारून ठरवलंत? चार पोस्टरं लावणारं कॉलेज आणि वर्षभर राबणारं कॉलेज, दोन्ही एकाच रकान्यात? हा आक्षेप रास्त होता. आणि त्याचा पैशाशी काही संबंध नव्हता, हे नीट बघा.

मग उत्तर कसं मिळालं?

बॉस्टन विद्यापीठातले विल्यम डीजाँग यांच्या गटाने सरकारी निधीतून १८ कॉलेजांवर नीट प्रयोग केला. कुणाकडे मोहीम राबवायची आणि कुणाकडे नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यादृच्छिक ठरवलं. २००६ मध्ये निकाल आला, मोहिमेच्या बाजूने. मग याच गटाने दुसऱ्या १४ कॉलेजांवर तोच प्रयोग पुन्हा केला, आणि २००९ मध्ये प्रामाणिकपणे छापलं की या वेळी परिणाम दिसला नाही.

एवढ्यावर थांबले असते तर 'निष्कर्ष संमिश्र आहेत' असं लिहून आपण सगळे पुढे गेलो असतो. पण २०११ मध्ये दोन्ही प्रयोगांची सामग्री एकत्र करून वेगळाच प्रश्न विचारला गेला. कॉलेजच्या आसपास दारूची दुकानं आणि बार किती? जिथे ती कमी होती तिथे मोहीम लागू पडली. जिथे दाट होती तिथे नाही. पोस्टर म्हणतं 'फार कुणी पीत नाही', आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की दहा पाट्या उलट सांगतात. पोस्टरवर कोण विश्वास ठेवील?

दुकानांचा प्रश्न नवा नव्हता. १९९६ पासून रॉबर्ट वूड जॉन्सन फाउंडेशनने अमेरिकन मेडिकल असोसिएशनबरोबर दहा विद्यापीठांत एक उपक्रम चालवला होता. त्यात विद्यार्थ्याला उपदेश करण्यापेक्षा आजूबाजूची व्यवस्था बदलण्यावर भर होता, म्हणजे स्वस्त दारूच्या योजना, परवाने, अल्पवयीनांना होणारी विक्री. २००४ मध्ये मूल्यमापन आलं. दहांची सरासरी काढली तर ठोस फरक नाही. पण ज्या पाच ठिकाणी हे उपाय खरोखर मोठ्या प्रमाणावर अमलात आले, तिथे पिणं आणि त्यापासून होणारा त्रास थोडा तरी कमी झाला.

२००२ मध्ये राष्ट्रीय मद्यसंशोधन संस्थेच्या कृतिदलाने उपायांची चार पायऱ्यांत वर्गवारी केली होती. दरवर्षी १८ ते २४ वयाचे सुमारे १,४०० विद्यार्थी दारूशी संबंधित अपघातांत मरतात, हा अंदाज तेव्हाच पुढे आला. सगळ्यात खालच्या, निष्प्रभ म्हणून नोंदलेल्या पायरीवर काय होतं? नुसती माहिती देणं. तेच, जे १९८९ च्या कायद्याने प्रत्येक कॉलेजवर सक्तीचं केलं होतं.

आणि कॉलेजांनी केलं काय? २०१० मध्ये छापलेल्या ३५१ कॉलेजांच्या पाहणीत ९८ टक्के कॉलेजं विद्यार्थ्यांना माहिती देत होती. अल्पवयीनांना विक्री होते का याची तपासणी ३३ टक्के ठिकाणी. आसपासच्या दुकानांची संख्या आवरण्याचा प्रयत्न ७ टक्के ठिकाणी. किंमत वाढवण्याचा २ टक्के ठिकाणी. दरम्यान हार्वर्डच्या चार पाहण्यांत, १९९३ ते २००१, बिंजचं प्रमाण ४४ च्या आसपासच राहिलं. २०१२ मध्ये केंद्र सरकारचा निधी आटला आणि कॉलेजांना १९९३ पासून या विषयात मदत करणारं राष्ट्रीय केंद्र बंद पडलं. त्याचं नाव आणि काम नंतर ओहायो स्टेट विद्यापीठात खाजगी देणगीवर पुन्हा सुरू झालं.

तुम्ही यातून काय घ्यायचं

निधी देणाऱ्याचं नाव वाचून निबंध खरा की खोटा हे कळत नाही. कंपनीला आवडणाऱ्या सिद्धान्तात तथ्य होतं, फक्त ते काही परिसरांपुरतं होतं. प्रतिष्ठित फाउंडेशनच्या पैशावर झालेल्या तुलनेत खरी त्रुटी होती. दोन्ही गोष्टी कळल्या त्या पद्धती तपासून आणि प्रयोग पुन्हा करून.

पैशाचा परिणाम दिसतो तो दुसरीकडे: कोणते प्रश्न विचारलेच गेले नाहीत यात. पोस्टरला निधी मिळणं सोपं, कारण त्याने कुणाचा धंदा बुडत नाही. परवान्यांचा प्रश्न काढला की शहरातले दुकानदार, नगरपालिका, देणगीदार माजी विद्यार्थी, सगळे खवळतात. म्हणून आढावा लिहिताना 'पैसे कुणी दिले' याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारा. नमुना या निधीमुळे कसा ठरला? कार्यक्रम कागदावर होता की प्रत्यक्षात, हे कुणी तपासलं? आणि निधी संपल्यावर मोजणी चालू राहिली का?

अमेरिका लांब वाटत असेल तर आपल्या कॉलेजच्या फाटकाशी जाऊन बघा. शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला मनाई, असा फलक असायला हवा. २००३ च्या कायद्यातच तसं आहे. फलकाचा खर्च किरकोळ. आता तिथून पावलं मोजत निघा आणि पहिली टपरी कितव्या पावलावर लागते ते वहीत लिहा. त्या नोंदीला कुणाचंही अनुदान लागत नाही, आणि तुमच्या प्रबंधाचा पहिला प्रामाणिक आकडा कदाचित तोच असेल.