नऊ खळग्यांचें गायरान

इ. स. १६७२ च्या मार्च महिन्याच्या दुसऱ्या तारखेस सर जॉन फाउलिस नांवाच्या एका स्कॉच सरदारानें आपल्या खर्चाच्या वहींत एक लहानसा आंकडा टिपून ठेविला. एडिंबरो शहराच्या पूर्वेस सुमारें सहा मैलांवर असलेल्या मसलबरो गांवीं मित्रांबरोबर गोल्फ खेळतांना आपण पैज हरलों व इतके पैसे गेले, एवढाच त्या नोंदीचा मतलब. रायगडावर राज्याभिषेक होण्यास त्या वेळीं अद्याप दोन वर्षें अवकाश होता. आपल्या हरण्याचें कौतुक वाटावें असें फाउलिसला कांहींच कारण नव्हतें. पण त्यानें जो पैसा गमावला, त्याहून कितीतरी अधिक मोलाची वस्तु त्यानें पुढील पिढ्यांच्या पदरांत टाकली. मसलबरोच्या मैदानावर गोल्फ खेळला जात होता, याचा तारीखवार पुरावा म्हणून आज जो दाखवितां येतो, तो हाच होय.

मसलबरो हें एस्क नदीच्या मुखाशीं, फोर्थच्या खाडीवर वसलेलें गांव. तेथील किनाऱ्यावर विपुल सांपडणाऱ्या शिंपल्यांवरून त्याचें नांव पडलें आहे. गांवाला लागून, समुद्र व शेतें यांच्या मध्यें, वाळूवर आखूड गवत उगवलेली एक सपाट पट्टी आहे. नांगराच्या कामाची नसलेल्या अशा जमिनीस स्कॉटलंडांत लिंक्स म्हणतात. ती कोणा एकाच्या मालकीची नसून साऱ्या गांवाची असे. आमच्याकडील गायरानच म्हणा ना! जनावरें चरावयाचीं तीं तेथेंच, आणि रिकाम्या वेळीं थोरामोठ्यांनीं व पोराटोरांनीं खेळावयाचें तेंही तेथेंच. गोल्फचा खेळ या गायरानावर जन्मला. काठीनें चेंडू मारीत मारीत दूर केलेल्या खळग्यांत तो शक्य तितक्या थोड्या फटक्यांत घालावयाचा, हें त्याचें सारें मर्म. विटीदांडूची गल ज्यानें खणली आहे, त्याला हें अधिक फोडून सांगावयास नको.

या मैदानाची एक दुसरी कथाही सांगण्यांत येते, व ती अर्थातच फाउलिसच्या वहीपेक्षां अधिक चटकदार आहे. १५६७ सालीं पति डार्न्ली याचा खून झाल्यावर थोड्याच दिवसांत राणी मेरी गोल्फ खेळत होती, असा आरोप तिच्या शत्रूंनीं तिच्यावर केला. आरोपांतील स्थळ सेटनच्या बाजूचें आहे, आणि सेटन मसलबरोच्या पूर्वेस कांहीं मैल दूर. परंतु लोककथेनें राणीला तेथून उचलून मसलबरोच्या गवतावर आणून उभें केलें. बखरींतील मजकूर व अस्सल पत्रांतील मजकूर यांपैकीं कोणाची साक्ष ग्राह्य धरावी, हा प्रश्न इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं आपल्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेच्या पहिल्याच खंडांत महाराष्ट्रापुढें मांडला. मसलबरोसही तीच कसोटी लावली पाहिजे. राणी ही बखर होय. फाउलिसची वही हा कागद होय. कागद रुक्ष असतो, पण जेवढें सांगतो तेवढें खरें सांगतो.

मात्र या कागदावरून मसलबरोचें मैदान जगांत सर्वांत जुनें, असें ठासून म्हणणेंही बरोबर होणार नाहीं. लोक तिरंदाजी सोडून गोल्फ व फुटबॉल यांच्या नादीं लागले आहेत, म्हणून हे खेळ बंद करावे, असा हुकूम स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें १४५७ सालींच काढला होता. सेंट अँड्र्यूज येथील लिंक्सवर गोल्फ खेळण्याचा नागरिकांचा हक्क १५५२ च्या एका सनदेंत नमूद आहे. मसलबरोचा खरा विशेष असा कीं, तेथें गोल्फ फार प्राचीन काळापासून त्याच गवतावर चालत आलेला आहे, आणि त्याचा आरंभींचा इतिहास केवळ सरदारांचा नाहीं, तर कोळ्यांचा, कारागिरांचा व बायकांचाही आहे.

बायकांचा म्हटल्यावर वाचकांस आश्चर्य वाटेल. म्हणून तो भाग थोडा विस्तारानें सांगतों. मसलबरोच्या कोळणी माशांच्या टोपल्या पाठीवर घेऊन पायीं एडिंबरोच्या बाजारांत जात. मुंबईच्या कोळणींशीं ज्यांचा घासाघीस करण्याचा प्रसंग आला असेल, त्यांस या बायांचा स्वभाव वर्णन करून सांगण्याची जरुरी नाहीं. त्या परगण्याचे धर्मोपदेशक अलेक्झांडर कार्लाइल यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या परगण्याचें जें वर्णन लिहिलें, त्यांत या बाया सणासुदीला गोल्फ खेळतात असें नमूद केलें आहे. विवाहित व अविवाहित बायांचा फुटबॉलचा सामना वर्षांतून एकदां ठरलेला असे, आणि त्यांत विवाहितांचाच नेहमीं जय होई, असेंही ते सांगतात. पुढें १८१० च्या डिसेंबरांत मसलबरोच्या गोल्फ क्लबानें ठराव केला कीं, येत्या नववर्षदिनीं कोळणींच्या खेळांत जी उत्तम ठरेल, तिला एक नवी टोपली व एक शाल वर्गणी काढून द्यावी. स्त्रियांच्या गोल्फ स्पर्धेची पहिली लेखी नोंद म्हणून हा ठराव आज प्रसिद्ध आहे. बक्षिसाची निवड पाहावी: शाल मानाची, टोपली पोटाची. जिच्या पाठीवर रोज ओझें, तिच्या करमणुकीचाही या गांवानें मान राखला.

आरंभीं या मैदानावर खळगे सातच होते. १८३२ सालीं आठवा झाला आणि नववा १८७० त. हे खळगे पूर्वीं लहानमोठे, वांकडेतिकडे, ज्याला जसें जमेल तसे खणलेले असत. १८२९ सालीं मसलबरोच्या क्लबानें खळगा कापण्याचें एक लोखंडी यंत्र करविलें. त्यानें कापलेल्या खळग्याची रुंदी सव्वाचार इंच भरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सेंट अँड्र्यूजच्या क्लबानें नियम ठरवितांना हेंच माप घेतलें, आणि आज भूगोलावर जेथें जेथें गोल्फ खेळतात, तेथें तेथें खळगा सव्वाचार इंचांचाच असतो. ज्या १८२९ सालीं हें यंत्र घडलें, त्याच सालीं आमच्या देशांत कलकत्त्यास गोल्फचा क्लब निघाला. ब्रिटिश बेटांबाहेरील क्लबांत तो सर्वांत जुना. कलकत्त्याच्या क्लबवाल्यांस मसलबरोच्या लोहाराची वार्ताही नसेल. पण पुढें त्यांच्या हिरवळींतही त्याचेंच माप कायम झालें.

या खेळाच्या भाग्यांत मोठा पालट मात्र चेंडूनें घडविला. जुना चेंडू चामड्याच्या पिशवींत पिसें ठांसून शिवलेला असे. चांगल्या कारागिराच्या हातूनही दिवसास तीनचारांहून अधिक चेंडू होत नसत. मसलबरोचें गोर्ले घराणें या कलेंत नांवाजलेलें होतें. असा चेंडू महाग पडे व पावसांत भिजला कीं निरुपयोगी होई. १८४८ च्या सुमारास मलाया द्वीपकल्पांतील एका वृक्षाच्या चिकापासून, म्हणजे गटापर्चापासून, चेंडू होऊं लागले. पूर्वेकडून विष्णूची मूर्ति पाठवितांना ती या गटापर्चांत गुंडाळली होती, आणि त्याच वेष्टनापासून सेंट अँड्र्यूजच्या एका विद्यार्थ्यानें पहिला चेंडू बनविला, अशी आख्यायिका आहे. तिलाही आम्ही राणी मेरीच्या शेजारींच बसवितों. गटापर्चाचा चेंडू स्वस्त व टिकाऊ निघाला, हें मात्र निर्विवाद. चेंडू स्वस्त झाला, तसे खेळणारे वाढले. आणि खेळणारे वाढले, तशी नऊ खळग्यांची जागा अपुरी पडूं लागली.

जागा अपुरी पडण्यास आणखीही एक कारण होतें. १७४४ सालीं गोल्फचे जुन्यांत जुने तेरा लेखी नियम करणारी एडिंबरोच्या प्रतिष्ठितांची मंडळी लीथच्या गायरानावर दाटी झाली म्हणून १८३६ सालीं मसलबरोस आली. तिच्यामागून राजधानींतील इतर क्लबही आले. शिवाय १८१६ पासून या मैदानाभोंवतीं घोड्यांच्या शर्यती होत असत. खळगे आंत आणि शर्यतीची धांव बाहेरून, अशी स्थिति झाली. तिकडे खुल्या अजिंक्यपदाची प्रसिद्ध स्पर्धा प्रेस्टविक, सेंट अँड्र्यूज व मसलबरो या तीन ठिकाणीं आळीपाळीनें भरविण्याचें १८७२ सालीं ठरलें. तदनुसार १८७४ पासून १८८९ पर्यंत दर तीन वर्षांनीं, एकूण सहा वेळां, ही स्पर्धा मसलबरोस झाली. नऊ खळग्यांच्या चार फेऱ्या, म्हणजे छत्तीस खळगे, एवढा तेव्हांचा खेळ असे.

या सहा विजेत्यांपैकीं चौघे मसलबरोचेच होते, आणि त्यांचे व्यवसाय ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. १८७४ चा विजेता मुंगो पार्क हा दर्यावर्दी. कित्येक वर्षें जहाजावर काढून गांवीं परतलेला. १८८६ चा डेव्हिड ब्राउन छपरांवर पाटीचे दगड बसविणारा. १८८० चा बॉब फर्ग्युसन लहानपणापासून दुसऱ्यांच्या काठ्या वाहणारा पोर. त्यानें लागोपाठ तीन वर्षें अजिंक्यपद मिळविलें. चौथ्या वर्षीं, १८८३ त, याच मैदानावर बरोबरी होऊन फेरसामन्यांत एका फटक्यानें तो हरला. पुढें विषमज्वरानें त्याचें सामर्थ्य खचलें, आणि जेथें तो जिंकला होता, त्याच गवताची निगा राखण्यांत त्यानें उरलेलें आयुष्य घालविलें.

हें गायरान म्हणजे केवळ सद्गुणांचें माहेरघर होतें, असें चित्र आम्हांस रंगवावयाचें नाहीं. १८७० सालीं मसलबरोचा विली पार्क व सेंट अँड्र्यूजचा टॉम मॉरिस यांचा पैजेचा सामना येथें चालला असतां गांवकरी प्रेक्षकांनीं परगांवच्या खेळाडूचा चेंडू लाथाडण्यापर्यंत मजल नेली. पंचानें खेळ थांबविला. मॉरिस मैदानाच्या कडेच्या मिसेस फोरमन यांच्या खाणावळींत जाऊन बसला, तो बाहेर येईना. आणि पार्कनें एकट्यानेंच उरलेले खळगे पुरे करून पैजेवर हक्क सांगितला. सार्वजनिक जागेचा हा दोष खराच: तेथें कोणासही येतां येतें, म्हणून कोणीही येतो.

अखेरचा प्रसंग १८८९ च्या नोव्हेंबरांतला. उत्तरेकडील दिवस आखूड, खेळणारे पुष्कळ. मागाहून निघालेल्यांस शेवटचे खळगे काळोखांतच गांठावे लागले. विली पार्कचा मुलगा धाकटा विली व अँड्र्यू कर्काल्डी यांचे प्रत्येकीं १५५ फटके झाले, व फेरसामन्यांत पार्क जिंकला. दोन वर्षांनीं, १८९१ त, एडिंबरोची प्रतिष्ठित मंडळी म्यूअरफील्ड येथें स्वतःच्या, कुंपणाच्या आंतील, अठरा खळग्यांच्या जागेवर निघून गेली, आणि १८९२ ची स्पर्धाही तिनें आपल्याबरोबर नेली. मसलबरोस ती पुन्हा कधींच आली नाहीं. १९२४ सालीं खुद्द मसलबरोचा जुना क्लबही जवळच्या प्रेस्टनग्रेंज येथें गेला.

मोठ्यांच्या दृष्टीनें येथें या मैदानाचा इतिहास संपला. आमच्या दृष्टीनें येथेंच त्याची कसोटी लागली. मंडळ्या गेल्या, पदकें गेलीं. गायरान कोणास नेतां आलें नाहीं, कारण तें कोणा एकाचें नव्हतेंच. आजही शर्यतीच्या धांवेच्या आंत ते नऊ खळगे आहेत, आणि फी देणाऱ्या कोणासही तेथें खेळतां येतें. मुंबईपुण्याच्या सुशिक्षित घरांत गोल्फ म्हणजे साहेबांचा, आणि साहेबांमागून धनिकांचा खेळ, अशी समजूत आहे. आमच्या देशांत तो कुंपणाआड आला, तेव्हां ती साहजिकही आहे. पण त्याची मुळें शोधीत गेल्यास आपण कुंपणाशीं नव्हे, गायरानाशीं येऊन पोंचतों. गांवोगांवच्या आमच्या गायरानांवर आज कोणाचे डोळे आहेत, हें वाचक जाणतातच. तीं राखलीं तर त्यांवर कोणता खेळ जन्मेल, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. तीं गेल्यावर मात्र पोरांना गल खणावयास जागा उरणार नाहीं, हें सांगावयास कोणत्याही वहीचा पुरावा नको.