हार्ट अटॅकनंतर हृदय किती सावरेल? स्ट्रेस टेस्टमधून काय कळते

हार्ट अटॅकनंतर नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'हृदय किती टक्के चालतंय?' इको रिपोर्टवरचा हा आकडा म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. डाव्या कप्प्यातील रक्तापैकी किती भाग एका ठोक्याला बाहेर ढकलला जातो, त्याचे हे प्रमाण. निरोगी हृदयातही तो १०० नसतो, साधारण ५५ ते ७० असतो. म्हणून '४० टक्के' वाचून ६० टक्के हृदय निकामी झाले असे समजू नये.

पहिल्या आठवड्यातला आकडा अंतिमही नसतो. रक्त न मिळालेल्या भागातील काही स्नायू मरतो आणि तिथे व्रण राहतो. काही स्नायू जिवंत असतो, पण धक्क्याने थबकलेला. रक्तवाहिनी उघडली असेल तर तो काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप हलू लागतो. तिसरा प्रकार अपुऱ्या रक्तावर निपचित पडून तग धरलेल्या स्नायूचा. साध्या इकोत मात्र तिन्ही ठिकाणी न हलणारी भिंतच दिसते. उन्हाळ्यात पानगळ झालेले झाड जिवंत आहे की वाळले, हे नुसते पाहून सांगता येत नाही, तसेच हे.

डोब्युटामिन स्ट्रेस इको

इथे डोब्युटामिन हे औषध शिरेतून थेंबथेंब देतात. आधी कमी मात्रा, मग टप्प्याटप्प्याने वाढ, आणि सतत इको. कमी मात्रेत भिंत हलू लागली तर स्नायू जिवंत आहे. मात्रा वाढल्यावर तीच भिंत पुन्हा मंदावली, तर तिथे रक्त कमी पडते आहे. रक्तपुरवठा सुधारल्यास तो भाग सावरण्याची शक्यता अशा वेळी सर्वांत जास्त असते. कोणत्याच मात्रेत हालचाल नसेल तर बहुधा व्रण आहे.

पण जिवंत स्नायू दिसला म्हणजे अँजिओप्लास्टी केलीच पाहिजे, असे नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील रिव्हाइव्ह्ड अभ्यासात ७०० रुग्ण होते. सर्वांचे इजेक्शन फ्रॅक्शन ३५ किंवा त्याहून कमी, आणि स्नायू जिवंत असल्याचे आधी तपासलेले. तरीही औषधांच्या जोडीला अँजिओप्लास्टी केल्याने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणे कमी झाले नाही. हे रुग्ण ताज्या अटॅकचे नव्हते, हे खरे. तरी औषधे नियमित घेण्याला पर्याय नाही, एवढे त्यावरून दिसतेच.

पट्ट्यावर चालण्याची टेस्ट (टीएमटी)

टीएमटीतून स्नायू जिवंत आहे की नाही ते कळत नाही. रुग्ण किती श्रम पेलतो, हे कळते. पट्ट्याचा वेग व चढ दर ३ मिनिटांनी वाढतो. श्रम 'मेट'मध्ये मोजतात: स्वस्थ बसणे १ मेट, न थांबता दोन जिने चढणे सुमारे ४. पाच मेटही न गाठता दम लागला किंवा चालताना रक्तदाब खाली आला, तर पुढचा धोका जास्त. अटॅकनंतर पहिले दोन दिवस ही टेस्ट करत नाहीत. छातीत दुखणे चालू असेल किंवा हार्ट फेल्युअर आटोक्यात नसेल तर नंतरही नाही.

ईटसारख्या गावातून जाताना

भूम तालुक्यातील ईट येथून अशा तपासणीसाठी बार्शी, सोलापूर किंवा पुण्याकडे जावे लागते. फेरी वाया जाऊ नये म्हणून डिस्चार्ज कार्ड, आधीचे इको, अँजिओग्राफीची सीडी आणि चालू गोळ्या सोबत न्या. नाडी मंदावणारी गोळी (मेटोप्रोलॉल वगैरे) टेस्टपूर्वी थांबवायची का, हे फोनवर विचारून घ्या, स्वतःहून बंद करू नका. शेतातले काम कधी सुरू करायचे, हा प्रश्न तिथे मुद्दाम विचारा. चालणे, खुरपणी, खोदकाम, पोते उचलणे असे नेमके काम सांगितले तरच डॉक्टरांना मेटच्या आकड्यावरून नेमके उत्तर देता येते.

दरम्यान छाती भरून आली, घाम फुटला किंवा आडवे झाल्यावर दम लागू लागला, तर टेस्टच्या तारखेपर्यंत थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा.