ठग (शब्द)

ठग हा मूळचा ‘फसवणारा, लबाड’ या अर्थाचा शब्द आहे. संस्कृतातील ‘स्थग्’ (झाकणे, लपवणे) या धातूशी त्याचा संबंध जोडला जातो. मराठीतील ‘ठक’, ‘ठकवणे’ आणि ‘ठकास महाठक’ या म्हणीत हाच अर्थ टिकून आहे. वाटसरूंचा विश्वास संपादन करून, रुमालाने गळा आवळून त्यांना लुटणाऱ्या टोळ्यांसाठी ब्रिटिश अमदानीत हा शब्द विशेष रूढ झाला. इ.स. १८३६च्या कायद्याने अशा टोळीचा सदस्य असणे एवढ्यावरच जन्मठेप ठरवली. फिलिप मेडोज टेलर यांच्या इ.स. १८३९मधील कादंबरीमुळे हा शब्द इंग्लंडमध्ये सर्वतोमुखी झाला. इंग्रजीत ‘थग’ म्हणजे आता कोणताही हिंसक गुंड होय. फसवणुकीचा मूळ अर्थ तेथे लोपला आहे.