मुत्तु आणि मुक्ता : एका तमिळ पुरुषनामाचा विचार

तापी-पूर्णा संगमाच्या परिसरातील मुक्ताईनगर हे गाव पूर्वी एदलाबाद या नावाने ओळखले जात असे. ज्ञानदेवांची धाकटी बहीण मुक्ताबाई इ. स. १२९७ मध्ये (शके १२१९) येथेच तापीतीरी विजेच्या कडकडाटात गुप्त झाली, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. गावालगतच्या कोथळी येथील तिचे जुने मंदिर आणि तेथून दरवर्षी पंढरपूरला निघणारी पालखी यांमुळे हे स्थान साऱ्या महाराष्ट्रास परिचित आहे. येथून पुष्कळ दूर, मन्नारच्या आखातावर, तूत्तुक्कुडी हे बंदर आहे. इंग्रजी अमदानीत त्यास तुतिकोरिन म्हणत. तमिळ लोक या शहराला कौतुकाने ‘मुत्तुनगर’ म्हणतात. चेन्नईहून तेथे जाणारी रेल्वेगाडीही याच नावाने धावते. मुक्ताईनगर आणि मुत्तुनगर या दोन नावांतील साम्य केवळ योगायोगाचे नाही. ‘मुत्तु’ म्हणजे मोती, आणि तमिळ प्रदेशात हे एक अत्यंत रूढ पुरुषनाम आहे. त्याचा अर्थ, मूळ व प्रसार पाहणे आणि त्या ओघात आपल्या मुक्ताईच्या नावाचा विचार करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

प्रथम लेखनाविषयी. मराठी वृत्तपत्रांत हे नाव ‘मुथू’, ‘मुथ्थू’ किंवा ‘मुथुस्वामी’ असे छापलेले आढळते. हे रूप चुकीचे आहे. तमिळ वर्णमालेत महाप्राण व्यंजने नाहीत. रोमन लिपीत लिहिताना तमिळ लोक मूर्धन्य ‘ट’साठी केवळ टी हे अक्षर वापरतात आणि दंत्य ‘त’ वेगळा दाखविण्यासाठी त्यापुढे एच जोडतात. आपण त्या एचला महाप्राणाचे चिन्ह समजतो आणि ‘त’चा ‘थ’ करून बसतो. ही चूक क्षुल्लक नव्हे. ‘मुथ्थू’ वाचणाऱ्यास ते नाव सर्वस्वी परके वाटते. ‘मुत्तु’ वाचणाऱ्यास त्यात मोती दिसू लागतो.

तमिळमध्ये हे नाव एकटे येते, तसेच सामासिकही येते. मुत्तुस्वामी, मुत्तुकुमार, मुत्तुरामन् ही पुरुषनामे. मुत्तुलक्ष्मी, मुत्तुमारी ही स्त्रीनामे. म्हणजे मोती हा तेथे एका लिंगाला बांधलेला नाही. या प्रसारामागे दैवते आहेत. वैद्यनाथस्वामीच्या वैत्तीश्वरन्‌कोयिल येथे मुरुगन म्हणजे कार्तिकेय ‘मुत्तुकुमारस्वामी’ या नावाने पूजिला जातो. कर्नाटक संगीतातील थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर (मृत्यू इ. स. १८३५) यांचे नाव याच देवतेवरून ठेवलेले होते. त्यांचा जन्म तिरुवारूरचा. त्या काळी तंजावर प्रांतावर भोसले घराण्याचे राज्य होते. मारियम्मन या ग्रामदेवतेचे ‘मुत्तुमारी’ हे रूप आणखी बोलके आहे. देवीच्या रोगात अंगावर उठणाऱ्या फोडांना तमिळ लोक देवीचे ‘मुत्तु’ म्हणत. ज्याची भीती वाटे त्यालाच मोत्याचे नाव देऊन त्यांनी ते सुसह्य केले. आपणही त्या रोगालाच ‘देवी’ म्हटले. वृत्ती एकच आहे.

नाव टिकून राहण्यास कुलाचारही साहाय्यभूत झाला. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची चाल तमिळ समाजात जुनी आहे. नातू या अर्थाचा ‘पेरन्’ हा शब्दच ‘पेर्’ म्हणजे नाव या शब्दाशी निगडित आहे. नातू म्हणजे नाव चालविणारा. तमिळनाडूचे माजी मुख्यमंत्री मु. करुणानिधी यांच्या नावाआधीचे ‘मु’ हे अक्षर त्यांच्या वडिलांच्या मुत्तुवेल या नावाचे होय, आणि करुणानिधींच्या थोरल्या मुलाचे नावही मुत्तु असेच होते. ‘वेल्’ म्हणजे मुरुगनचा भाला. तेव्हा येथेही दैवत आहेच. २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशात उतरलेल्या चांद्रयान-३ या मोहिमेचे प्रकल्पसंचालक पी. वीरमुत्तुवेल यांच्या नावात हाच समास पुन्हा भेटतो. १९९५ च्या ‘मुत्तु’ या तमिळ चित्रपटाचा नायक जमीनदाराच्या घरचा नोकर आहे आणि अखेरीस तोच खरा वारस ठरतो. जनसामान्यांच्या अशा नायकाला हे घरगुती नाव शोभले यात नवल नाही. १९९८ मध्ये हा चित्रपट जपानातही लोकप्रिय झाला. ती भूमिका करणारे रजनीकांत हे मूळचे शिवाजीराव गायकवाड, बंगळूरच्या मराठीभाषक कुटुंबात जन्मलेले, हेही येथे नोंदविण्याजोगे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संस्कृत ‘मुक्ता’ आणि तमिळ ‘मुत्तु’ यांत आधीचे कोण? संस्कृत परंपरा ‘मुक्ता’ हा शब्द ‘मुच्’ धातूपासून साधते : शिंपल्यातून मोकळी झालेली ती मुक्ता. ही व्युत्पत्ती सुंदर आहे. परंतु सौंदर्य हे व्युत्पत्तीचे प्रमाण नव्हे. ऋग्वेदात मोत्यासाठी ‘कृशन’ हा शब्द येतो. या अर्थाचा ‘मुक्ता’ तेथे नाही. पुढे कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात मोत्यांच्या उगमस्थानांची जी यादी आहे, तिच्या आरंभीच ताम्रपर्णी व पांड्यकवाट ही दक्षिणेकडील नावे येतात. इ. स. च्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नौकानयनवृत्तानुसार पांड्यांच्या कोर्कै येथे शिक्षा झालेल्या कैद्यांकडून मोती काढविले जात. वस्तू दक्षिणेची, तेव्हा शब्दही दक्षिणेचा असावा, असे अनुमान स्वाभाविक आहे. कन्नड व मल्याळम ‘मुत्तु’, तेलुगू ‘मुत्यमु’ या रूपांची नोंद बरो व एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात (१९६१, सुधारित आवृत्ती १९८४) तमिळ शब्दासोबत केलेली आहे.

तथापि उलट बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. प्राकृतात ‘क्त’चा नियमाने ‘त्त’ होतो : भक्त–भत्त–भात, रक्त–रत्त–राता. त्याच न्यायाने ‘मुक्ता’चे ‘मुत्ता’ होते, आणि हे प्राकृत रूप व्यापाऱ्यांच्या मुखी दक्षिणेत जाऊन ‘मुत्तु’ झाले, असेही म्हणता येते. परंतु हाच ध्वनिनियम दुसऱ्या पक्षालाही तितकाच उपयोगी पडतो. दक्षिणेतून ‘मुत्तु’ प्राकृतात आला असेल, तर भत्त–भक्त या जोड्या ज्याच्या कानात बसल्या आहेत तो पंडित ‘मुत्ता’चे ‘मुक्ता’ असे संस्कृतीकरण सहज करील आणि ‘मोकळी झालेली’ हा अर्थ त्यास आयता मिळेल. ध्वनिनियम दोन्ही दिशांनी वाट देतो; म्हणून निर्णय ध्वनींवर न सोपविता वस्तूच्या इतिहासावर सोपवावा लागतो. तो इतिहास पाहता प्रस्तुत लेखकाला द्राविडी पक्ष अधिक संभाव्य वाटतो. विद्वानांत यावर एकमत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे.

मराठीने या शब्दाची दोन घरे केली. ‘मौक्तिक–मोत्तिअ–मोती’ या मार्गाने आलेले रूप व्यवहारात राहिले. त्यावरून मोतीराम, मोतीलाल ही नावे झाली. ‘मोत्या’ हे मात्र आपण लाडाने कुत्र्याला ठेवतो. तमिळमध्ये जे देवाचे नाव, त्याच अर्थाच्या मराठी शब्दाची ही गती पाहिली म्हणजे नावाची प्रतिष्ठा शब्दार्थावर अवलंबून नसते, हे ध्यानी येते. दुसरे रूप ‘मुक्ता’. पुरुषनामांत, मुक्तेश्वर किंवा मुक्तानंद यांत, त्याचा अर्थ मोती असा घेतला जात नाही. तेथे मोक्षाचीच कल्पना आहे. स्त्रीनामात मात्र दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

वर्गात हा विषय निघाला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो : मग मुक्ताईचे नाव तमिळ म्हणावयाचे काय? प्रश्नात थोडी अस्वस्थता असते, आणि ती समजण्याजोगी आहे. उत्तर असे की शब्दाचा इतिहास आणि नावाचा इतिहास या दोन भिन्न गोष्टी आहेत. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसार स्वीकारला आणि त्यापायी समाजाचा बहिष्कार सोसला. त्यांच्या अपत्यांची नावे क्रमाने निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ता अशी आहेत. संप्रदाय या नावांत साधनेचा क्रम पाहतो : निवृत्तीतून ज्ञान, ज्ञानाच्या सोपानाने मुक्ती. ही मालिका मनात असलेल्या घरात ‘मुक्ता’ म्हणजे मोकळी झालेली, हाच अर्थ ऐकला गेला. मोत्याचा शब्द दक्षिण समुद्रातून आला असला, तरी हा अर्थ गोदातीरीच्या घरात घडला. पुढे लोकांनी विठाई, तुकाई यांप्रमाणे त्यास ‘आई’ जोडले. भावंडांत सर्वांत धाकटी असलेली ती साऱ्या संप्रदायाची आई झाली, हा अर्थ तर कोणत्याही व्युत्पत्तिकोशात सापडावयाचा नाही.

व्युत्पत्ती हे मालकीचे खत नव्हे. एकच शब्द तूत्तुक्कुडीच्या किनाऱ्यावर आजोबांकडून नातवाकडे जाणारे नाव झाला आणि तापीच्या काठी एका संत स्त्रीचे नाव झाला. दोन्ही ठिकाणी तो त्या त्या लोकांचा स्वतःचा आहे. या नात्याची ओळख राहावी यासाठी निदान एवढे तरी आपण करावे : ते तमिळ नाव यापुढे ‘मुथ्थू’ असे न लिहिता ‘मुत्तु’ असे लिहावे.