एण्डोमेट्रिऑसिस: वेदना पुरावा कधी ठरली?

गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढणे म्हणजे एण्डोमेट्रिऑसिस. १८६० मध्ये व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी अशा ऊतीचे वर्णन केले. अमेरिकेतील ऑल्बनीचे शल्यविशारद जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्ये बीजांडकोशातील, जुन्या रक्ताने भरलेल्या ‘चॉकलेट’ गाठींची चिकित्सा केली. पाळीचे रक्त बीजवाहिन्यांतून उलट पोटात उतरते व त्यातील पेशी तेथे रुजतात, असा सिद्धांत त्यांनी १९२७ मध्ये मांडला. परंतु असा उलटा प्रवाह बहुसंख्य स्त्रियांत आढळतो. विकार मात्र सुमारे दहांपैकी एकीला होतो. हे कोडे अद्याप पुरते उलगडलेले नाही.

हा रोग प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली आणि शस्त्रक्रियेत दिसला. त्यामुळे ‘दिसला तरच रोग’ हा दंडक रूढ झाला, वेदना पुराव्यात धरली गेली नाही आणि निदानाला वर्षे लागू लागली. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी हा दंडक शिथिल केला. आता निदानासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया अनिवार्य नाही; लक्षणे पाहून संप्रेरकांचे उपचार सुरू करता येतात. सोनोग्राफीत काही न दिसल्यानेही रोग नाकारता येत नाही. समूळ बरे करणारे औषध नसले, तरी वेदना आटोक्यात ठेवता येते.

मुंबईतील राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थेने भारतीय रुग्णांचा जनुकीय अभ्यास हाती घेतला आहे. मात्र त्याची पहिली नोंद रुग्णेच्या बोलण्यातूनच होते. उपकरणात न उमटलेली राशी शून्यच असते, असे भौतिकशास्त्रही मानत नाही. दर महिन्याला वर्ग बुडवायला लावणारी वेदना ‘सहन करायची’ नसते. ती डॉक्टरांना सांगायची असते.