एकाच झाडाची हजारो झाडं

झाडं भरपूर लावली म्हणजे झालं, असं आपण धरून चालतो. इंग्लंडातल्या ब्लॅक पॉप्लरचा इतिहास वाचल्यापासून मला हे तितकंसं पटत नाही.

ब्लॅक पॉप्लर हे युरोपातलं नदीकाठचं झाड. लाकूड हलकं, दणके सोसणारं, चटकन पेट न घेणारं. त्यामुळे गाड्यांच्या तळफळ्यांसाठी त्याला पूर्वी मोठी मागणी. यात नर आणि मादी झाडं वेगवेगळी. मादीचं बी म्हातारीसारखं उडतं आणि पूर ओसरल्यावर उघड्या पडलेल्या ओल्या गाळात रुजतं, तेही लगेच. फार दिवस ते टिकत नाही.

माणसाने नद्या बांधून सरळ केल्या, काठची दलदल नांगराखाली आणली. गाळच उरला नाही, मग बी रुजणार कुठे? पण कुणाचं अडलं नाही. आपण शेवग्याची फांदी खोचतो तशी याचीही खोचली की झाड तयार! त्यातही दारात कापूस उडायला नको म्हणून नरच निवडले जात. मँचेस्टरच्या धुरात तग धरणारा एक नर मिळाला आणि त्याच्याच फांद्यांपासून हजारो झाडं उभी राहिली. दिसायला हजारो, जनुकांच्या हिशेबात एकच.

१९७३ साली एडगर मिल्न-रेडहेड या वनस्पतिशास्त्रज्ञाने या झाडांची देशभर नोंद सुरू केली. ती १९८८ पर्यंत चालली. पुढे अंदाज आला तो ब्रिटनभरात सुमारे सात हजार झाडांचा, त्यात माद्या जेमतेम सहाशे. जनुकीय तपासण्यांत तर यातली कितीतरी झाडं मोजक्याच मूळ झाडांच्या प्रती निघाल्या.

मग २००० च्या सुमारास मँचेस्टरच्या पॉप्लरांवर बुरशीचा रोग आला. एकाला जो रोग मारतो तो सगळ्यांनाच मारणार, कारण सगळे एकच! झाडं भराभर वाळली.

मला अस्वस्थ करते ती गोष्ट अशी, की इथे कुणी आकसाने कुऱ्हाड चालवलेली नव्हती. लोकांनी झाडं लावलीच होती, हौसेने आणि गरजेपोटी. फक्त बियांचं काम फांद्यांवर सोपवलं.

फ्रान्समध्ये लोआर नदीला पसरायला अजून थोडी जागा आहे. तिथल्या गाळात दर पुरानंतर या पॉप्लरची रोपं आपोआप उगवतात. प्रत्येक रोप आईबापांपेक्षा थोडं वेगळं. पुढचा रोग आला तर त्यातलं एखादं तरी तग धरेल.