काळ्या पट्ट्यांत अडकलेला सिनेमा

फोन आडवा धरा आणि यूट्यूबवर एखादा जुना हिंदी सिनेमा लावा. पुष्कळदा चित्र मधोमध छोट्या खिडकीसारखं दिसतं आणि चारही बाजूंनी काळी चौकट असते. आपण दोन बोटांनी चित्र ताणतो. ते मोठं होतं, पण चेहरे पुसट होतात. नेटला नावं ठेवून आपण पुढे जातो. पण अनेकदा दोष नेटचा नसतो. जुन्या डीव्हीडीवरून तशीच उचललेली ती प्रत असते, आणि त्या डीव्हीडीत चित्र भरतानाच एक चूक झालेली असते.

ही गोष्ट सुरू होते टीव्हीच्या भीतीपासून. १९५०च्या सुमारास अमेरिकेत घरोघरी टीव्ही येऊ लागले आणि थिएटरं ओस पडू लागली. टीव्हीचा पडदा तेव्हा जवळपास चौकोनी, म्हणजे ४:३ प्रमाणाचा होता. सिनेमाचा पडदाही साधारण तसाच. मग घरी मिळत नाही असं काहीतरी द्यायचं म्हणून हॉलिवूडने पडदाच रुंद केला. १९५३मध्ये ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला. त्यामागचं भिंग आन्री क्रेतियाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकातच तयार केलं होतं. रुंद दृश्य आडवं दाबून नेहमीच्या ३५ मिमी फिल्मवर बसवायचं आणि प्रोजेक्टरवर उलटं भिंग लावून पुन्हा पसरायचं, ही त्यातली युक्ती. हेच ‘ॲनामॉर्फिक’ तंत्र. आपल्याकडे गुरुदत्त आणि छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी १९५९च्या ‘कागज के फूल’साठी ते वापरलं. तो भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट.

गंमत अशी की, टीव्हीला हरवायला रुंद झालेला सिनेमा शेवटी टीव्हीवरच यायचा होता. त्याला चौकोनात बसवायचे दोन मार्ग होते. एक म्हणजे दोन्ही बाजू कापायच्या. मग संवाद म्हणणारी दोन माणसं एका वेळी दिसायची नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे चित्र पूर्ण ठेवून वर-खाली काळ्या पट्ट्या द्यायच्या, म्हणजेच लेटरबॉक्स.

नोव्हेंबर १९९६मध्ये जपानमध्ये डीव्हीडी बाजारात आली. अमेरिकी-जपानी पद्धतीच्या डीव्हीडीत चित्राची जागा ठरलेली असते : ७२० पिक्सेल रुंद आणि ४८० ओळी उंच. सिनेमा कुठल्याही आकाराचा असो, जागा तेवढीच. म्हणून इथेही क्रेतियाँची युक्ती कामाला आली. १६:९चं रुंद चित्र आडवं दाबून त्या जागेत भरायचं आणि सोबत ‘हे पसरून दाखव’ अशी खूण ठेवायची. रुंद टीव्ही ते पसरायचा. टीव्ही जुना चौकोनी असेल, तर प्लेअर ओळी कमी करून काळ्या पट्ट्या स्वतःच तयार करायचा. एकच डिस्क दोन्ही घरांत चालायची.

पण अनेक कंपन्यांनी हे केलं नाही. लेझरडिस्कसाठी पूर्वी बनवलेली लेटरबॉक्स प्रत हाताशी होती. तीच डीव्हीडीवर उतरवली. इथे काळ्या पट्ट्या चित्राचाच भाग बनून डिस्कमध्ये गेल्या. हिशेब करून बघा. २.३५:१ आकाराच्या सिनेमाला अशा डिस्कवर ४८०पैकी सुमारे २७२ ओळीच मिळतात. उरलेल्या ओळी काळोख साठवतात. ॲनामॉर्फिक डिस्कवर त्याच सिनेमाला सुमारे ३६३ ओळी मिळतात. चौकोनी टीव्हीवर हा फरक फारसा जाणवत नसे, म्हणून तक्रारही फार झाली नाही. रुंद टीव्ही आले तेव्हा मात्र उजेड पडला. वर-खाली पट्ट्या डिस्कमधल्या, डावी-उजवीकडे पट्ट्या टीव्हीने दिलेल्या, आणि मधे पोस्टाच्या तिकिटाएवढा सिनेमा.

या प्रकरणातली सगळ्यांत गाजलेली डिस्क ‘स्टार वॉर्स’ची. जॉर्ज ल्यूकस यांनी १९९७मध्ये मूळ तिन्ही चित्रपटांत बदल केले आणि २००४च्या डीव्हीडीवर फक्त बदललेल्या आवृत्त्या दिल्या. थिएटरमध्ये पाहिलेला मूळ सिनेमा हवा, असा चाहत्यांचा आग्रह होता. २००६मध्ये तो मिळाला, पण जोड-डिस्क म्हणून. १९९३च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या प्रतीवरून आणि ॲनामॉर्फिक न करता. त्याच वर्षी ब्लू-रे बाजारात येत होती! प्रेक्षकांचं बालपण कंपनीने परत दिलं खरं, पण २७२ ओळींत.

मग लोकांनी स्वतःच खटपट सुरू केली. सोपा उपाय म्हणजे टीव्हीचं झूम बटण. त्याने काळा भाग पडद्याबाहेर जातो, पण खालच्या पट्टीत सबटायटल असतील तर तीही जातात. दुसरा उपाय म्हणजे डिस्कची फाइल करून पट्ट्या कापायच्या आणि चित्र मोठं करायचं. हँडब्रेकसारखं सॉफ्टवेअर पट्ट्या आपोआप ओळखतं. मात्र ते नव्या ओळी आणत नाही. शेजारच्या ओळी बघून मधलीचा अंदाज बांधतं. वर फाइल पुन्हा दाबली जाते, तेव्हा आणखी थोडा तपशील गळतो. एआय वापरलं तर चित्र तुकतुकीत होतं, पण ती सुरकुती अभिनेत्याची की यंत्राने काढलेली, हे सांगता येत नाही. म्हणून पट्ट्या कापलेली फाइल जरूर ठेवा, पण मूळ डिस्कची जशीच्या तशी प्रतही जपा.

गेलेल्या ओळी परत येतात त्या फक्त फिल्मकडे परत गेल्यावर. जेम्स कॅमेरून यांच्या ‘द ॲबिस’ची अमेरिकी डीव्हीडी २०००मध्ये आली, तीही ॲनामॉर्फिक नव्हती. त्याची ब्लू-रे आणि ४के डिस्क यायला २०२४ उजाडलं. तिथे फिल्म सांभाळून ठेवलेली होती आणि पैसाही होता. ज्या सिनेमाची निगेटिव्ह बुरशीने खाल्ली किंवा गोदामात जळाली, त्याच्यासाठी ती पट्ट्यांची डिस्क हीच शेवटची प्रत ठरते.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत घरातला डीव्हीडींचा डबा निघाला, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा. त्यातल्या एखाद्या सिनेमाच्या तेवढ्याच ओळी उरल्या असतील.